दीड लिटर हवा

आम्ही दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. मी त्याच्या तीन वर्षं आधीचा. मी पार्ट धुतले, चहा आणला, शिव्या खाल्ल्या. तो आला आणि दुसऱ्याच महिन्यात उस्तादांनी त्याला इंजिन उघडायला बसवलं. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि अजून विसरलोही नाही. दुकान कायमचं बंद करताना उस्तादांनी पान्यांची पेटीसुद्धा त्यालाच दिली. माझे पाने मी जुन्या बाजारातून घासाघीस करून एकेक जमवलेत. आज अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे, चार माणसं कामाला आहेत. त्याचं होटगी रोडला आहे, काचेच्या ऑफिसचं. भारीतली गाडी बिघडली की सोलापुरातला माणूस आधी तिकडं वळतो.

म्हणून खडीक्रशरवाल्या शेठची परदेशी गाडी मी त्याच्या हातातून ओढली. त्यानं सांगितलेल्या दराच्या निम्म्यात करतो म्हणालो. शेठच्या घरी आणखी तीन गाड्या होत्या. ही टिकली तर त्याही माझ्या दारात येणार आणि त्याच्या दारातून जाणार. खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट मला जास्त हवी होती.

गाडी सुपरचार्जरची. सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात कोंबतो, त्यात ती तापते. ती गार करायला इंटरकूलर. या गाडीत तो पाण्यावर चालतो, आणि त्याची टाकी, पाइप सगळं इंजिनाच्या रेडिएटरपासून वेगळं. त्यातलं जुनं कुलंट, म्हणजे गार ठेवणारं औषधी पाणी, काढायचं, आतून धुवायचं, नवं भरायचं, एवढंच काम. खालचा पाइप सोडला तर चार लिटर तांबूस, गढूळ कुलंट निघालं. धुवायला बोअरचं पाणी वापरलं नाही. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीलाही पांढरा थर चढतो. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुतलं. मग इंजिन चालू करून, टाकीचं झाकण उघडं ठेवून, पाइप हातानं दाबत दाबत नवं भरलं. उस्तादांकडं ट्रकचा रेडिएटर असाच भरायचो. अडीच लिटरला टाकी काठोकाठ झाली.

दीड लिटर उरलं. तिथंच मला शंका यायला हवी होती. पण या गाडीचं कुलंट महाग, आणि दर तर मी आधीच पाडलेला. धुवायचं पाणी आत राहिलं असेल, आपलं वाचलं, असं म्हणून मी डबा फळीवर ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी मोडनिंबजवळून शेठचा फोन आला. गाडी ओढत नव्हती, डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागला होता. कशीबशी माझ्याकडं आणून उभी केली आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत झाली तर ठीक, नाहीतर होटगी रोडला नेतो. मी सगळं पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा अडीच लिटर. चक्कर मारून आलो, दिवा पुन्हा लागला. मग दोन माणसांवर उगीच ओरडलो आणि तीन वाजता त्याला फोन केला.

तो स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट. माझ्यासाठी कधी न उठणाऱ्या माझ्या माणसांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढं केली. तो बसला नाही, बॉनेटखाली वाकला.

"दादा, किती निघालं होतं?"

"चार."

"आन् गेलं किती?"

मी फळीवरच्या डब्याकडं बघितलं. मग सांगितलं, अडीच.

तो हसला नाही. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. "ह्याचा पंप इंजिनावर न्हाय फिरत, दादा. करंटवर फिरतो. गाडी लई तापल्याबिगर चालूच होत न्हाय. राहिलेली दीड लिटर हवा हाय आत."

आधी भरलेलं सगळं त्यानं खाली सोडलं, मग पिशवीतून एक लहान मशीन काढलं, टाकीच्या तोंडाला बसवलं आणि माझ्याच कंप्रेसरवर जोडलं. आतली हवा ओढली गेली, पाइप चपटे झाले. मग त्यानं कॉक फिरवला आणि कुलंट आपोआप आत खेचलं गेलं, पूर्ण चार लिटर. झाकण लावण्याआधी त्यानं अंगठ्यानं टाकीची कड पुसली, हुबेहूब उस्ताद पुसायचे तशी. ते मला बघवलं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शेठ आले तेव्हा मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "दादांनी शोधून काढलं की. मी नुसतं मशीन आणलं."

गप्प बसलो असतो तर गाडी माझ्याकडंच राहिली असती. पण ती त्यानं दिलेली गाडी झाली असती. "खोटं का बोलतोस?" मी ओरडलो. "शेठ, हवा माझ्यामुळं राहिली. काढली ह्यानं."

शेठनी किल्ली घेतली, आमच्या दोघांकडं बघितलं. "मग पुढच्या खेपेला सरळ तिकडंच नेतो की," म्हणाले आणि गेले.

मी त्याला विचारलं, मशीनचं काय घेणार? तो म्हणाला, माझ्याकडं दुसरं आहे, ठेवा. मी आकडा सांगितला, त्यानं नको म्हणून मान हलवली. मी वाढवला, त्यानं पुन्हा हलवली. आयुष्यभर भाव पाडत आलेला मी त्याच्यापुढं भाव चढवत राहिलो, आणि तो मशीन तिथंच ठेवून, पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या व्हॅनला ते मशीन लावून बघितलं. एका दमात भरली. इतकं सोपं होतं हे बघून मला पुन्हा राग आला.