चुंबकाखाली

भंगाराच्या अड्ड्यावर त्याला सगळे ‘भोंगा’च म्हणत. क्रेनला टांगलेल्या, विजेवर चालणाऱ्या गोल चुंबकाने तो मोडक्या गाड्या उचलायचा. उचलण्याआधी एक लांब भोंगा, ओझं खाली टेकलं की दोन आखूड. चुंबकाखाली कुणी रेंगाळलेलं दिसलं की त्याचा पारा चढे. “करंट गेला तर पापड होईल तुझा! तुझ्या आईला तोंड कुणी दाखवायचं?”

घरी बायको त्याच्यापुढे ताट ठेवून मुद्दाम म्हणायची, “पोंप पोंप! टेकलं हो ओझं, जेवा आता.”

आणि आता त्यालाच चुंबकाखाली निजायचं होतं.

मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ अडकून बसली होती. गोळ्या-इंजेक्शनांना ती काही बधली नाही. डाव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. नेमका क्रेनचा दांडा ओढायचा हात. त्या बोटांकडे बघायलाही तो घाबरायचा.

डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाची होती. तिने बाटलीतला, मोहरीहूनही बारीक काळा दाणा दाखवला. “हाच आपला रोबो, काका. आत लोखंडाची पूड आणि औषध. बाहेरून चुंबकांनी त्याला गाठीपर्यंत नेऊ. सावकाश, शिरेच्या मधोमध, कडेला घासू न देता.”

“आणि करंट गेला तर?” त्याने विचारलं.

“बॅटरी आहे.”

“बॅटऱ्याही बसलेल्या पाहिल्यात मी.”

ती हसली नाही. “तर तो रक्ताबरोबर मागे वाहत येईल. शिरांमधलं रक्त अरुंद वाटेकडून रुंद वाटेकडे जातं. म्हणजे तो मोकळ्या जागेतच येणार, आणि तिथे विरघळणार. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या वाटा आधी तपासल्यात.”

पटलं. भीती मात्र तसूभरही हलली नाही.

“एक करा,” तो ओशाळून म्हणाला. “भोंगा द्या. हलवण्याआधी एक, काम झालं की दोन.”

“अहो, दवाखाना आहे हा!” शेजारी बसलेली बायको पुटपुटली.

“मग तुम्हीच द्या, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “काचेपलीकडे माईक आहे.”

खोली गार होती. डोकं पट्ट्याने जखडलेलं, दोन्ही अंगांना पांढऱ्या कपाटांएवढी चुंबकं. स्पीकरमधून बायकोचा कापरा आवाज आला, “पोंऽऽऽप.” चुंबकं घुमू लागली. आत काहीच जाणवेना, आणि त्यानेच तो जास्त घाबरला. क्रेनवर असताना ओझं डोळ्यांना दिसायचं तरी. मध्येच घुमणं थांबलं. दोन भोंगे काही येईनात. करंट गेला! ओरडावं, तर डोकं हलायचं. चुंबकं पुन्हा घुमली, थांबली, परत घुमली.

कितीतरी वेळाने आवाज आला, “पोंप... पोंप.” दुसरा अर्धा हुंदक्यातच विरला.

“औषध पोचलं, गाठ सुटतेय,” डॉक्टरीणबाई आत येत म्हणाली. “बोटं हलवा बघू, काका.”

“आधी ती चुंबकं बाजूला घ्या.”

चुंबकं मागे सरकली. बायको धावत आली. त्याने डोळे गच्च मिटून डावा हात तिच्या हातात दिला. “तूच बघ. माझ्याच्याने नाही बघवत.”

तो तिच्या बोलण्याची वाट बघत राहिला.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “सोडा आता. दुखतोय माझा हात.”