कॉइल लहान घ्यावी की मोठी

माझ्या मामेसासऱ्यांइतका दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणारा माणूस अख्ख्या दिल्लीत नसेल, आणि त्यांना मी धडधडीत खोटं सांगितलेलं आहे. हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

मामा मयूर विहारला आमच्याच सोसायटीत, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. एका मंत्रालयात पस्तीस वर्षं फायली हाताळून निवृत्त झाले, पण सवय गेली नाही. घरात नवा झाडू आणायचा तरी आधी टिपण तयार होतं, बाजूचे मुद्दे, विरुद्धचे मुद्दे, खाली सही, आणि ते मामींच्या मंजुरीसाठी फ्रिजवर लागतं. मामी त्यावर पेन्सिलीनं ‘आधी जा तरी’ असा शेरा मारतात. अशा माणसानं दोन वर्षांपूर्वी मेटल डिटेक्टर आणला. मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात तो नव्हे. लांब दांड्याचा, टोकाला जेवणाच्या ताटाएवढी कॉइल असलेला, जमिनीवरून फिरवायचा. रोज सकाळी माकडटोपीवर हेडफोन चढवून मामा पार्कपासून आमच्या जिन्यापर्यंतचा रस्ता वीतवीत तपासतात. आजवर बाटल्यांची झाकणं, खिळे, एक चमचा आणि सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटाची किल्ली सापडली. ती हरवली म्हणून कपाट कधीच फोडलं होतं. मामांनी तरी ती रीतसर पोच घेऊन परत केली. गेटवरचा गार्ड पहिल्या दिवशी घाबरून विचारत होता, “अंकल, बम ढूँढ रहे हो क्या?” मामा म्हणाले, “फूल ढूँढ रहा हूँ, भाई.”

फूल म्हणजे गणपतीचं सोन्याचं जास्वंद. मामींनी आपल्या आईच्या बांगडीचं करून घेतलेलं, चांगलं रुपयापेक्षा मोठं. आमच्याकडे विसर्जन पार्कच्या कोपऱ्यात खड्डा खणून, पाणी भरून करतात, आणि मूर्ती पाण्यात जाण्याआधी दागिने उतरवायचे काम जावयाचं, म्हणजे माझं. त्या दिवशी नेमका साहेबांचा फोन आला. फोन कानाला, एका हातानं कंठी काढली, मुकुट काढला. मामांनी विचारलं, “सगळं उतरवलंत ना, जावईबापू?” मी मान डोलावली. मूर्ती गेली. घरी येताना मामींनी विचारलं, “आणि फूल?” तेव्हा मला आठवलं, ते मूर्तीवरच राहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, “तुमच्याच हातात दिलं की, मामी.” त्यांनी आपला तळहात उघडून बघितला. मी तो तळहात अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला. आता तिथं गुलाबांचा वाफा आहे. मामांनी तपासाचं टिपण केलं, त्यात पहिलाच मुद्दा, ‘जावईबापूंनी वस्तू सुपूर्द केली, सबब खड्डा वगळावा.’

मागच्या महिन्यात मामांना दुसरी कॉइल घ्यायची होती. मला बरोबर घेऊन जुन्या दिल्लीतल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं दोन कॉइल पुढ्यात ठेवल्या, एक बशीएवढी, एक परातीएवढी. म्हणाला, “बाबूजी, पहले ये बताओ, चीज़ गिरी कहाँ है? ऊपर-ऊपर है और कचरा बहुत है, तो छोटी. गहरी दबी है, तो बड़ी. छोटी नीचे तक नहीं पहुँचेगी.”

मामा माझ्याकडे वळले. “तुम्हीच सांगा. प्रत्यक्षदर्शी तुम्ही.”

दुकानात पंखा फिरत होता. एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, “लहान.”

“बिल्कुल,” मामा म्हणाले, आणि लहान घेतली.

परतताना मेट्रोत ती मांडीवर धरून बसले होते. मी उगाच म्हटलं, “मामा, सोडा ना आता. एका फुलासाठी किती दिवस?”

“फुलाचं काय हो,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “हिला वाटतं, हिचं डोकं चालेनासं झालंय. हातात दिलेलं सोनं आठवत नाही म्हणजे काय, म्हणते. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे देऊन टाकल्यात. गॅस बंद केला का, हे चारचारदा मला विचारते. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. डॉक्टरवर विश्वास नाही तिचा. वाटेत सापडलं तर दाखवता येईल ना, की बाई, हातातून पडलं होतं, कोणाच्याही पडतं.”

मला दोन वर्षं वाटत होतं, मामा सोनं शोधताहेत.

दुसऱ्याच दिवशी मी एकटा त्या दुकानात जाऊन मोठी कॉइल घेऊन आलो. ती माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली आहे. सकाळी बाल्कनीतून मामा दिसतात. नवी कॉइल हळूहळू फिरवत येतात, गुलाबाच्या वाफ्यापाशी पोचले की यंत्र उचलून घेतात, वाफ्याला वळसा घालतात आणि पलीकडे पुन्हा टेकवतात. वर बघून मला हात करतात. मीही करतो. मामी हल्ली फ्रिजवरच्या टिपणांवर शेरे मारत नाहीत, नुसती सही करतात.

मामी, फूल तुमच्या हातात मी कधीच दिलं नव्हतं. तुम्ही काहीच विसरला नाहीत. हे लिहून झालं, पण जिना चढून तुमच्यासमोर बसून सांगणं अजून बाकी आहे, आणि तेवढं मी तुमचं देणं लागतो.