जावयाचं रंगीत घड्याळ

रंगीत आकड्यांची डिजिटल मनगटी घड्याळं आमच्याकडं नवीनच आली होती तेव्हा. माजलगावहून केजला येताना जीपमध्ये माझ्याशेजारी एक फेटेवाले मामा बसले होते. धोंड्याचा महिना, जावई घरी जेवायला येऊन बसलेला, आणि हे त्याच्यासाठी घड्याळ घेऊन निघालेले. सगळ्या जीपला दाखवत होते, "बगा, वरचे आकडे लाल, खालचे हिरवे! आधी नुसते काळेच यायचे."

वरचं प्लास्टिक काढलं की अजून चकाकेल, म्हणून त्यांनी नखानं ती रंगीत कातडी सोलली. आकडेच गेले हो! त्या कातडीतूनच ते दिसतात, हे कुणाला ठाऊक? नुसती करडी काच उरली.

"मामा, जावयाला टाइम तोंडी सांगत जावा," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मामांची मान खाली गेली. मलाही त्यांच्याकडं बघवेना.

कातडी परत ठेवली तर आकडे आले, पण ती चिकटेना. मग तिच्या कडा बोटांनी दाबून, खड्ड्यांत आदळत, दांडीसुद्धा न धरता ते केजपर्यंत तसेच बसले.

उतरताना मला हळूच म्हणाले, "बाई, आकडे तर हायेत. पन जावयाच्या मनगटावर म्या किती येळ बोटं धरून बसू?"