पडद्याआडचा व्हॉल

बेगमपुऱ्यातल्या जनानी हमामखान्याची किल्ली जैतुनबीच्या कमरेला असते. नवरा गेल्यापासून तिचं सगळं त्या किल्लीवर चाललंय. हमामखान्यामागची राहायची खोलीसुद्धा किल्लीबरोबरच मिळालेली. जैतुनबीचा "हौ" नाकातून निघतो, घुमटाला आपटतो आणि परत येतो. एखादी पोरगी अंग चोरायला लागली की ती ओरडते, "अगं, पुढं सरक ना! पाणी काय तुला गिळतंय व्हय?"

हमामखाना कमरुन्निसा बेगमचा. त्यांचे मियाँ निजाम सरकारच्या आबकारी खात्यात. त्यांनी हैदराबादहून पितळी फवारा आणून बसवला आणि तेव्हापासून नवरीला लोट्यानं न्हाऊ घालायला कुणी तयारच होईना. बायकांनी गाणी म्हणायची आणि जैतुनबीनं पाणी सोडायचा व्हॉल फिरवायचा. फिरवताना तिचा चेहरा असा, की अख्ख्या शहराला पाणी देणारी नहर तिच्याच हुकमानं वाहतेय.

मागच्या महिन्यात फवारा नुसता टपकायला लागला. बेगम प्रत्येक शब्द पान चघळावं तसा ताणतात. म्हणाल्या, "जैतुऽऽन, जुम्म्याला वहिदाचं लग्नाचं न्हाणं. तेव्हा फवारा नाय चालला तर किल्ली माझ्या भाचेसुनेला दे. ती जवाऽऽन आहे."

जैतुनबीनं आधी खालचा नळ सोडला. पाणी जोरात आलं, म्हणजे नहरीला पाणी होतं. मग फवाऱ्याची चाळणी काढून चिंचेच्या पाण्यात बुडवली, सुईनं भोकं टोकरली. पांढरा क्षार पडला ढीगभर. चाळणी परत बसवली, तरी टपटपच.

"मग खोट मधीच कुठंतरी हाय," ती म्हणाली आणि नहरीच्या शफी मिस्त्रीला निरोप धाडला.

शफी गेलेला खुलताबादच्या उरुसाला. उगवला तो जुम्म्यालाच, वहिदा उटणं फासून पाटावर बसल्यावर. उटणं लागलेली नवरी न्हाल्याशिवाय उठत नाही, आणि परका पुरुष आत येत नाही. शफी दारातल्या जाड पडद्याबाहेर थांबला. व्हॉल आत, पडद्यालगतच्याच भिंतीवर.

"आपा, दोन व्हॉल दिसत्यात?" घशात कायम गुळणी धरल्यासारखा त्याचा आवाज.

"हौ."

"उजव्या हाताचा बंद करा, मग डाव्याचं डोकं खोला." त्यानं पडद्याखालून पाना सरकवला.

जैतुनबीनं उजवा बंद केला, डावा खोलला, आणि पाण्याचा असा लोट सुटला की बेगमच्या तोंडातलं पान नि डोक्यावरची ओढणी एकदमच निघाली. बायका किंचाळल्या. जैतुनबीनं दोन्ही हातांनी दाबून ते डोकं कसंबसं परत आवळलं.

"शफीमियाँ, बुडवता का काय मला?"

"उजवा म्हटलं होतं, आपा!"

"उजवाच बंद केलाय की!" तिनं पडद्याकडं बघितलं. नाकावरून पाणी गळत होतं. "तुमचं तोंड कुणीकडं हाय?"

"तुमच्याकडंच. मधी पडदा."

"या अल्ला! मग तुमचा उजवा तो माझा डावा झाला ना! पाठ करा पडद्याकडं. अदब पण राहील नि पाणी पण."

शफीनं पाठ केली. आता तो रस्त्याकडं बघून हातवारे करत होता, "डावा बंद! उजवा खोला! दांडा उपसा!" जाणारे-येणारे त्याला वळसा घालून चालले.

"दांड्याच्या टोकाला चामड्याची चकती हाय?"

"काहीच नाय."

"मग सुटून आत पडली. तुम्ही दांडा फिरवता, ती जागची हलत नाय. बोट घाला."

जैतुनबीनं बोट घातलं. फुगलेली चकती पाण्याच्या तोंडावरच बसली होती, ती तिनं उकरून काढली. शफीनं पडद्याखालून नवी सरकवली. तिनं ती दांड्याला आवळली, सगळं बसवलं, डावा उघडला, उजवा फिरवला. फवारा खोकला, गढूळ थुंकला आणि वहिदाच्या डोक्यावर धो धो कोसळला. बायकांनी गाणं उचललं.

भाचेसून नवी ओढणी घेऊन, किल्लीच्या आशेनं दाराशी बसूनच होती. जैतुनबीचा हात किल्लीवर गेला. बेगमनी आपली ओढणी पिळली. बराच वेळ पिळली.

"जैतुऽऽन, पुढच्या जुम्म्याला मजीदच्या घरची पोरगी यायचीय. उटणं जाऽऽस्त भिजव."

भाचेसून उठून चपला शोधू लागली. जैतुनबीची मूठ सुटली.

"हौ," ती म्हणाली, पण या वेळी हळूच. मग वळून ओरडली, "वहिदा, मान वर कर! कानामागं हळद तशीच हाय!"