मुकादमाचा आडोसा

उभी हयात मुकादमाने लोकांची घरं ट्रकमध्ये भरली. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो टोळीचा म्होरक्या होता आणि त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे: पोकळी राहिली की काच फुटली. कपाटाच्या पोटात उशा, उशांच्या बगलेत भांडी, आणि घरधनिणीचं लक्ष नसलं तर भांड्यांत चपला. त्याने भरलेल्या ट्रकमध्ये झुरळालाही पाय पसरायची सोय नसे.

असा माणूस उतारवयात बाग करायला निघाला तर काय होईल, हे कुणीही सांगितलं असतं. पण विचारतो कोण!

बाग हौसेची नव्हती म्हणा. बायकोला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी, तोंड जरासं वाकडं, बोलणं जड. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बाहेर बसवा, चार पावलं चालवा, नाहीतर त्या कायमच्या अंथरुणाला खिळतील. पण बाई उंबरठा ओलांडेना. घर रस्त्याला लागून, पुढ्यात मोकळ्या जमिनीचा पट्टा आणि कमरेएवढं कुंपण.

"येणारे-जाणारे माझं तोंड बघतात हो," ती म्हणाली. "आधी आडोसा करा. मग बसते."

मुकादमाने मनावर घेतलं. सकाळी तिची अंघोळ, मग स्वयंपाक, धुणी, तिच्या हातापायाचा व्यायाम, आणि त्यातून उरलेल्या वेळात खोदकाम. कंबर कधीच कामातून गेली होती, तरी तो रेटत राहिला. रोपं घेताना नर्सरीवालीने सांगितलं होतं, "दोन झाडांत चांगलं हातभर अंतर सोडा हं." मुकादम मनात हसला. जागा कशी भरायची ते आता ही शिकवणार? मी काय नवशिका आहे?

होताच की!

त्याने कुंपणाला चिकटून जास्वंद लावली, जास्वंदीला चिकटून तगर, तगरीच्या फटीत मेंदी, आणि उरलेली रोपं थेट खिडकीखाली, भिंतीला टेकवून. शेवटी कमरेवर हात ठेवून त्याने पट्टा न्याहाळला. कुठेही पोकळी नव्हती. पुष्कळ दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

पावसाळाभर झाडं जोमाने वाढली आणि मग एकमेकांच्या उरावर बसली. खालची पानं पिवळी पडून गळू लागली. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरी कीड चढली, वारा शिरायला वाव नव्हता, डास मात्र मजेत होते. पायरीसमोर खुर्ची ठेवायलाही जागा उरली नव्हती. आडोसा झाला होता, बसायचं कुठे याचा विचार राहून गेला होता. बायको आतच होती आणि हल्ली भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मुकादमाला वाटे, दुखणं वाढतंय. विचारायचं त्याच्या मनात येई, पण अंग टेकलं की डोळाच लागायचा.

किडकी फांदी घेऊन तो नर्सरीत गेला, तेव्हा नर्सरीवालीने कपाळावर हात मारला. "एक सोडून एक उपटा, काका. खिडकीखालची तर सगळीच."

दुसऱ्या दिवशी तो उपटायला बसला. प्रत्येक झाड ओढताना त्याला घाम गाळून घातलेलं पाणी आठवत होतं. मुळं एकमेकांत अशी गुंतलेली की एक ओढलं तर दोन हलत. खिडकीखालचं शेवटचं झाड निघालं आणि त्याची कंबर धरली. तो चिखलातच बसला. समोर आडोशाला खिंडारं पडली होती, रस्ता लख्ख दिसत होता. सगळी मेहनत मातीत गेली, आता ही काही बाहेर यायची नाही, असं वाटून त्याला रडू फुटलं.

मागे वॉकर खडखडला. बायको दारात उभी होती.

"खोलीत उजेड आला," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "किती दिवसांनी."

"अंधार होत होता? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे दमत होता. कुठल्या तोंडाने बोलू?"

मुकादमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कामावरून परतणाऱ्या दोन बायका कुंपणापाशी थबकल्या. आधी उपटलेल्या झाडांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नजर तिच्या तोंडावरच अडकली. मुकादम तिला झाकायला उठू गेला, पण कंबर हलेना.

बायकोने वॉकर घट्ट धरला. "झाडं नेता का?"

त्यांना शब्द कळले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, सावकाश, "झाडं. न्या. आमच्या यांनी जास्त लावली."

या खेपेला त्या हसल्या आणि कवेत मावतील तेवढी झाडं घेऊन गेल्या. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती. तिने पुसली नाही.

"खुर्ची आणू तुला?" मुकादमाने खालूनच विचारलं.

"तुम्हाला उठता येतंय का आधी?"

"नाही."

"मग बसा तिथंच," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत घेत पायरीवर बसली.