जोतीरामची भोकांची भाषा

जोतीरामला राग आला तर तो बोलून दाखवायचा नाही, आतल्या आत शिजत घालायचा. समोरच्याला वाटायचं, पोरगं गरीब आहे, विसरलं असेल. विसरतंय कसलं! पाचवीत असताना गावी, वैरागच्या बाजारात एकानं त्याची टोपी उडवली होती, त्याचं नाव तो कॉलेजात गेल्यावरही घेऊन दाखवायचा, बापाच्या नावासकट.

सत्त्याहत्तर साली तो सोलापुरात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. बाप आप्पा शेतात, आई सोनाबाई शेतात आणि घरात, आणि हा एकटा वसतिगृहात. त्या वर्षी विभागप्रमुख महादेवप्पा सरांनी नवीनच टूम काढली. दोघादोघांचा गट करा, कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहा, चालवून दाखवा आणि त्याचा अहवाल द्या. कॉम्प्युटर सोलापुरात औषधालाही नव्हता, तो पुण्याला. जोतीरामच्या वाट्याला जोडीदार आला यज्ञेश्वर. वकिलाचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला लागला की मास्तरसुद्धा पेन खाली ठेवून ऐकत बसायचे.

विषय ठरला, कॉलेजचा निकाल कॉम्प्युटरवर लावायचा. पहिल्याच दिवशी यज्ञेश्वरनं वाटणी केली, "लिहिणं-चालवणं तू बघ, बोलणं माझ्याकडे. तोंडी परीक्षेला पुण्याचे साहेब येणार. तू तोंड उघडलंस आणि 'हाय-न्हाय' केलंस, तर ते उठून जातील रे बाबा!" मग वर्गासमोर त्यानं नक्कल करून दाखवली. "सर, हितं बेरीज हाय की. तितं वजाबाकी न्हाय." पोरं खो खो हसली. जोतीरामही हसला. काय करणार? पण कानशिलं तापली होती, ती रात्री जेवताना देखील गार झाली नव्हती.

पुढचे चार महिने तो एसटीनं पुण्याच्या वाऱ्या करत होता. मोडनिंबला गाडी थांबली की आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खायची, वरून पाणी. पुण्यात त्या यंत्राचा कारभारच निराळा. आपल्या चादरीच्या मागावर नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे असतात ना, तसलीच जाड कागदाची कार्डं. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, आणि ती भोकं पाडून लिहायची. तिथला माणूस कार्डं पाडायला आठवडा लावतो म्हटल्यावर जोतीराम स्वतःच पाडायला शिकला. यज्ञेश्वर एकदाही गेला नाही. पुण्याचं पाणी त्याला बाधतं म्हणे!

अहवालही जोतीरामनंच लिहिला, शब्दकोश मांडीवर घेऊन, इंग्रजीत. यज्ञेश्वरनं टंकलेखकाकडून तो टाइप करून आणला तेव्हा वरच्या पानावर ठळक नाव होतं त्याचंच. खाली बारीक अक्षरात, 'साहाय्य: जोतीराम'.

"ह्ये काय हाय?" जोतीरामनं विचारलं.

"अरे, जो बोलणार त्याचं नाव वर नको का? पुण्याच्या कॉम्प्युटर केंद्रात नोकरीची एक जागा आहे, साहेब इथूनच मुलगा निवडणार आहेत. तुझं काय, तुला तसंही वैरागलाच जायचंय."

जोतीरामच्या मस्तकात तिडीक गेली. चार महिने एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली ती याच्यासाठी? जागा गेली तर गेली, पण याला सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याची गाडी धरली.

त्या कार्डांत एक सोय असते. पहिल्या घरात 'सी' हे अक्षर पाडलं की यंत्र ती ओळ गाळून पुढं जातं. पण प्रोग्राम कागदावर छापताना मात्र जशीच्या तशी छापतं. पुढं वाचणाऱ्या माणसाला कळावं म्हणून तिथं टीप लिहायची असते. जोतीरामनं आपल्या जुन्या इंग्रजी टिपा सगळ्या काढून टाकल्या आणि दिवसभर बसून नव्या पाडल्या. अक्षरं इंग्रजी, बोली वैरागची.

छापलेल्या कागदाची घडी तो परीक्षेच्या आदल्या दुपारी घेऊन आला. यज्ञेश्वर टाइप केलेला अहवाल घोकत बसला होता.

"ह्ये बी एकदा वाचून घे की."

"मला शिकवू नकोस. लाव मागं जोडून."

जोतीरामनं जोडून दिलं.

तोंडी परीक्षेला अख्खा वर्ग बसला होता. यज्ञेश्वर पोपटासारखा बोलला. साहेब मान डोलवत होते. मग त्यांनी मागची घडी उलगडली, चष्मा सरळ केला आणि दोन मिनिटं वाचत राहिले.

"प्रोग्राम चांगला आहे. या टिपा कुणी लिहिल्या?"

"मीच, सर. सगळं मीच केलं."

"मग वाचून दाखवा. मोठ्यानं."

यज्ञेश्वरनं कागद हातात घेतला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "इथं मुलाचं नाव..."

"लिहिलंय तसं वाचा."

"हितं... पोराचं नाव वाच." वर्गात खसखस पिकली. "पोरगं गैरहजर असंल तर त्याला शून्य देऊ नगंस. ते नापास न्हाय, ते आलंच न्हाय." आता बाकं वाजायला लागली. महादेवप्पा सर ओरडले, तरी हसू काही आवरेना. यज्ञेश्वर घामानं निथळत एकेक ओळ वाचत होता, आणि प्रत्येक 'न्हाय'ला जोतीरामच्या जिवाला थंडावा मिळत होता. शेवटच्या ओळीवर मात्र यज्ञेश्वर थांबला.

"पुढचं?"

"एवढंच आहे, सर."

"एक ओळ राहिली आहे."

यज्ञेश्वरनं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "हा प्रोग्राम वैरागच्या जोतीरामनं लिवला. वाचणाऱ्यानं यातलं एक बी कार्ड लिवल्यालं न्हाय."

साहेबांनी कागद परत घेतला. "जोतीराम कोण?"

जोतीराम उठला. आठवडाभर त्यानं इंग्रजी उत्तरं पाठ केली होती. ती त्यानं गिळून टाकली.

"मी हाय, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी यज्ञेश्वरला बसायला सांगितलं आणि पुढचा पाऊण तास ते जोतीरामशी बोलले. वरच्या पानावरचं ठळक नाव त्यांनी लाल शाईनं खोडलं, सगळ्यांच्या देखत.

संध्याकाळी यज्ञेश्वर सायकलच्या स्टँडपाशी आला. डोळे लाल झालेले. "वडिलांना काय सांगू मी? जोतीराम, ते सगळं मी चेष्टेत बोललो होतो रे."

जोतीरामनं सायकलचं कुलूप सावकाश काढलं.

"व्हय की," तो म्हणाला. "म्या बी चेष्टाच केली."