पाकीट क्रमांक दोनशे चौदा

शेवाळाची कसली आलीय नोंद, असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं देविका पळसुलेनं केव्हाच सोडून दिलं होतं. झाशीच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी. सुटीच्या दिवशी छावणीतल्या पुलियांखाली, म्हणजे रस्त्याखालच्या छोट्या मोऱ्यांत, नाहीतर एरच गावी बेतवा नदीच्या घाटावर गुडघे टेकून शेवाळ खरवडायचं, आणि कुठलं, कुठे, कधी, कशावर उगवलं ते पाकिटावर लिहायचं. झालं आयुष्य! आता गुडघे बोलतात, डोळ्यांना धार लागते, आणि जिल्ह्यातल्या शेवाळांची यादी छापायला निघाली म्हणून सगळी पाकिटं पुन्हा तपासायची.

दोनशे तेरा झाली. उरलं एक, आणि तेच लाडकं. पिसासारखं शेवाळ, छावणीतली पुलिया, डिसेंबर सत्त्याण्णव. ही जात जिल्ह्यात आधी कुणालाच सापडली नव्हती. अख्ख्या यादीत ‘प्रथम नोंद’ म्हणून देविकेचं नाव या एकाच ओळीत होतं. पुढे मात्र ते पुन्हा कधी दिसलं नाही. दर पावसाळ्यानंतर ती पुलियावर जायची, हात हलवत परत यायची आणि झाशीच्या उन्हाळ्याला बोल लावायची.

यादी करणाऱ्या मुग्धाजी फोनवर म्हणाल्या होत्या, “दीदी, आपका है तो सही ही होगा. रहने दीजिए.” पण याच यादीतल्या दुसऱ्यांच्या नोंदी जिनं मुलाहिजा न ठेवता खोडल्या, तिनं स्वतःची कशी सोडायची? देविकेनं शेवाळ बशीत भिजवून भिंगाखाली धरलं. जात बरोबर होती. पण गुंत्यात दोन लालसर टरफलं अडकली होती. अळिवाची.

पुलियावर अळीव कोण मरायला पेरतंय! अळीव पेरतात दिवाळीच्या किल्ल्यावर, आणि झाशीत तसा किल्ला करणारी मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक तिचंच. त्या दिवाळीत ती प्रशिक्षणासाठी लखनऊला होती.

चिमट्यानं टरफलं उचलून फेकली असती, तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तिनं चिमटा उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग उठून नानांच्या खाटेशी गेली. नाना म्हणजे तिचे वडील रमाकांत, नव्वदीला टेकलेले.

“नाना, सत्त्याण्णवच्या किल्ल्याला शेवाळ कुठलं होतं?”

“श्यामसुंदरमामानं आणलेलं. रानीखेतहून, पोतंभर.”

“आणि किल्ला मोडल्यावर माती कुठे टाकलीत?”

नाना छताकडे बघत म्हणाले, “पुलियावर.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“तू धावत आलीस, ‘नाना, नवीन सापडलं!’ म्हणत. म्हटलं, पोर कधी नव्हे ती हसतेय, कशाला विरजण घाला. मग तू दर वर्षी जायला लागलीस, आणि मला सांगायला तोंड उरलं नाही.”

देविकेला संताप आला, रडूही आलं. इतकी वर्षं! पण भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. ती टेबलाशी परत आली आणि दोनशे चौदावर आडवी रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘दिवाळीच्या किल्ल्याची माती. शेवाळ बाहेरचं.’ खाली सही केली.

“खोडलीस?” नानांनी खाटेवरून विचारलं.

“खोडली.”

“मग आता पुलियावर जाणार नाहीस ना?”

“नाही.”

“बरं झालं गं,” नाना म्हणाले. “तू रिकाम्या हातानं परत यायचीस ना, तेव्हा दर वेळी मी झोपेचं सोंग घ्यायचो.”